मामीच्या कानानं निवडलेला प्रीअॅम्प

पहिलंच सांगून टाकते. बाजारात व्हॉल्व्हच्या नावावर दिवा विकला जातो आणि लोक तो आनंदानं घेतात.

मामाच्या वाद्याचा आवाज सुधारायला आणलेली पहिली पेटी तशीच होती. समोर काचेची खिडकी, खिडकीत काचेच्या नळीचा व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हभोवती नारिंगी उजेड. मामा त्या उजेडाकडे देव्हाऱ्याकडे बघावं तसा बघत बसला. मला मात्र राहवेना. अर्धा तास चालवूनही ती काच गार कशी? जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह हात लावू देत नाही, इतका तापतो. मी वायर काढली, चार स्क्रू फिरवले आणि झाकण उघडलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी नारिंगी एलईडी बसवलेला. व्हॉल्व्ह उपटून बाजूला ठेवला, झाकण लावलं, पेटी परत चालू केली. वाजली. जशी आधी वाजत होती तशीच वाजली. म्हणजे तो व्हॉल्व्ह निवडणुकीतल्या फ्लेक्सवरच्या फोटोसारखा होता, कामाला कुणी वेगळंच.

मी पत्रकं लिहिते. खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावांना नळाचं पाणी मिळावं म्हणून पेणच्या छापखान्यात उभ्या उभ्या प्रुफं वाचत हे काम शिकले. त्यामुळे माझा हात लगेच शिवशिवला. विक्रेत्याला असं खरमरीत पत्र धाडलं की त्यानं काही न विचारता पेटी परत घेतली. मामा म्हणाला, तुझ्या पत्रानं माल परत जातो, पण आवाज काय येत नाय. ते खरं होतं. आवाजाचंच तर सगळं अडलं होतं.

मामा रोह्याच्या अलीकडे, निडीजवळ राहतो. धाटावला एका कंपनीत कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये त्यानं आयुष्यभर शिफ्ट केली आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो पार्टीत वाजवलं. हळदी, वराती, गणपती. हातगाडीवर भोंगे, मागे पोरं नाचतायत, मध्ये मामा. रिटायर झाल्यावर त्यानं बेंजो भिंतीला टांगला आणि पेडल स्टील घेतलं.

हे वाद्य आमच्या भागात कुणी बघितलेलं नव्हतं. चार पायांचं लांब टेबल समजा, वर तारा ताणलेल्या. डाव्या हातात लोखंडाची जड कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. खाली पायानं दाबायची पेडलं आणि गुडघ्यानं ढकलायच्या दांड्या, त्यांनी वाजत्या तारेचा सूर चढतो किंवा उतरतो. शिवाय उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं वेगळं पेडल. शिवणयंत्र चालवता चालवता पोळ्या लाटाव्या तसा माणूस दिसतो. मामाच्या शाळेतला दोस्त, ज्याला आम्ही सगळे चाचा म्हणतो, गल्फमधल्या एका हॉटेलात मेंटेनन्सला होता. तिथला बँड मोडला तेव्हा हे धूड त्यानं कार्गोनं घरी पाठवलं आणि मग कैक वर्षं पलंगाखाली ठेवलं. चाची रोज झाडू अडकला की चाचांना बोलायची. शेवटी ते मामाच्या घरी आलं आणि दोन्ही घरांत शांतता झाली, असं चाचा सांगतात. मामी म्हणते, एकाच घरात झाली.

मामी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो, पण त्याच्याआधी धवलारीण येते. मांडवाची मेढ रोवताना, हळद लावताना ती धवले गाते. गावदेवाला, कुळाला, गेलेल्या माणसांना नावानं बोलावते. पुस्तक नाही, पेटी नाही, तबला नाही. मामीनं हे आपल्या आईच्या मागं बसून उचललं.

आणि आता काय होतं ते मी लिहिणार आहेच. हळदीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. धवलारिणीला कोपऱ्यात बसवतात. व्हिडिओवाला येतो आणि म्हणतो, मावशी, दोन मिनिटं गा, शॉट घेतो. शॉट झाला की तिच्यापुढचा माइक उचलून नेतात. तिचं तोंड हलत राहतं, बायका मोबाइल बघत राहतात. ज्या बाईला लग्न लावायचा मान होता ती बाई सजावटीत गेली. हे कुणी ठरवून केलं नाही, म्हणून कुणाला जाबही विचारता येत नाही. याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

मामी चिडली नाही. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला गडब गावाहून एका मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. त्या मुलीच्या आईच्या लग्नात मामीच्या आईनं धवले गायले होते, त्यामुळे नाही म्हणणं शक्य नव्हतं. मामी तांदूळ निवडता निवडता बोलली, "एवढा लगीन करते. मंग बस झाला."

दुसऱ्या दिवशी मामानं मला फोन केला आणि म्हणाला की स्टीलचा आवाज नीट करायचाय, तुला नेटवरचं कळतं, ये.

त्याच्या डोक्यात काय होतं ते मला तिथं गेल्यावर समजलं. धवल्याचा सूर सरळ पायरीवर उभा राहत नाही, घसरत येतो, मध्येच लोंबकळतो. कीबोर्डला ते जमत नाही, बेंजोला नाही. स्टीलला जमतं. मामीच्या आवाजाखाली स्टील धरलं तर तिला आधार होईल, आणि मांडवात नवीन वाद्य आलं म्हणून का होईना लोक माना वळवतील. "यकदा मान वळली ना," मामा म्हणाला, "की पुढचा ती बघेल."

अडचण अशी होती की स्टील सरळ बेंजोच्या ॲम्पलीफायरला जोडलं की ते किंचाळायचं. पायाखालचं आवाजाचं पेडल अर्धं सोडलं की तेच स्टील गोधडीखालून आल्यासारखं वाजायचं. मध्ये काही नाही. तारांमधून निघणारा आवाज मुळात दुबळा असतो. त्याला ॲम्पलीफायरकडे धाडण्याआधी कुणीतरी उचलून, अंगात बळ घालून धाडावं लागतं. ते काम प्रीअॅम्पचं. व्हॉल्व्हचा असेल तर आवाजाच्या कडा गोल होतात. आणि तो स्टील आणि पेडल यांच्या मधे बसवायचा, पेडलच्या पुढे नाही, म्हणजे पाय उचलला तरी आवाज बारीक होतो, मळकट होत नाही. एवढं मी आठवडाभर वाचून काढलं होतं.

दिव्याची पेटी परत गेल्यावर दोन पर्याय उरले. एक, पुण्यातल्या एका माणसानं हातानं बनवलेला प्रीअॅम्प, खरा व्हॉल्व्ह, आवाज धारदार, बघायला देखणा. त्यानं तो वाजवून बघायला दिला. दुसरा, चाचांच्या पुतण्यानं गल्फमधून सुट्टीवर येताना आणलेला जुना अमेरिकन डबा. रंग उडालेला, एक बटण दुसऱ्याच कशाचं तरी लावलेलं, आणि चालायला एकशे दहा व्होल्ट मागणारा. आपल्या प्लगात सरळ खुपसला असता तर धूर झाला असता. पण चाचांच्या घरी गल्फचा एक मिक्सर आहे, त्यालाही तेवढंच लागतं, म्हणून त्यांच्याकडे व्होल्टेज उतरवायचा जड ट्रान्सफॉर्मर होता. चाचा तो स्कूटरच्या पायाशी ठेवून घेऊन आले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत परत द्या, घरी चटणी व्हायचीय.

मग आम्ही परीक्षा घेतली. कशी घेतली ते ऐका, कारण ही चूक बेंजो पार्टीवाल्यांशिवाय कुणी करणार नाही.

बेंजोवाले आवाज कधी जवळून ऐकत नाहीत. त्यांची रीत अशी की वाजवणारा जागेवर बसतो आणि एक माणूस आळीच्या टोकाला जाऊन उभा राहतो. ऐकू आलं की हात वर. ऐकू येत नसेल तर मामा ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं, बटण पिळतो. हात वर झाला की सेटिंग पास. वरातीसाठी हे बरोबरच आहे. पुढं नाशिक ढोल, मागं गाड्यांचे हॉर्न, त्यातून बेंजो बाहेर यायला हवा.

तर मामा अंगणात स्टील मांडून बसला आणि मला रेल्वेलाइनकडच्या बांधावर पाठवलं. जुना अमेरिकन डबा लावला, मला नुसती गुणगुण आली. हात खालीच. पुण्याचा लावला, बटण पुरं फिरवलं, आणि स्टील भाताच्या खाचरांवरून सुरीसारखं सरळ माझ्यापर्यंत आलं. मी दोन्ही हात वर केले. चाचांनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. मामाच्या चेहऱ्यावर असं समाधान की मी पुण्याच्या माणसाला लगेच कळवून टाकलं, ठेवतोय. घरातल्या घरात सभा, ठराव, टाळ्या, सगळं झालं. जिच्यासाठी हे चाललं होतं ती आत मासे साफ करत होती. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही.

संध्याकाळी मामी गायला बसली. मामानं खाली स्टील धरलं. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली. परत धरलं, परत थांबली. तिचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, सवय नाही म्हणून होत असेल. मी तिला म्हणालेही की छान येतंय, तू गा.

"गाते मी ता येतंय," मामी म्हणाली. "बोलते काय ता येत नाय."

मला कळेना. मग तिनं समजावलं, पोराला सांगावं तसं. "ह्यो गाना नाय गो. बोलावना हाय. देवाचा नाव घ्यायचा, कुळाचा घ्यायचा, मेलेल्या मानसाचा घ्यायचा. नावच ऐकू नाय आला तं कोन येल?"

मामानं बटण थोडं मागं घेतलं. फार नाही. मामी उठली. पदर खोचला आणि म्हणाली की तुम्ही दोघं वाजवा लग्नात, मी हळद वाटायला बसते. टोमणा नव्हता, साधं बोलली. त्यामुळेच मामा हादरला. एवढं लगीन करते म्हणाली होती, आता तेवढंही गेलं.

मी त्या रात्री पेणला परत गेले नाही. सकाळी मामीच्या मागं मागं विहिरीवर गेले, हंडा घेतला, पुन्हा एकदा बस म्हणाले. या वेळी तू सांगशील तसं. ती म्हणाली, त्यांना पटायचं नाय. मी म्हटलं, न पटायला काय झालं. तेव्हा तिनं हंडा खाली ठेवला.

"त्यांना बारीक ऐकू येत नाय गो. तुना म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. मामालाही नीटसं नव्हतं. आणि इथं मला एक पत्रक आठवलं. दोन वर्षांपूर्वी मी मामाच्या तोंडचं वाक्य छापलं होतं, की आमच्या भागातले रातकिडे आता बंद झाले, सगळा निसर्ग मुका झाला. लोकांना ते फार आवडलं होतं. मामी म्हणाली, रातकिडे आहेत तिथंच आहेत. रोज ओरडतात. कुकरची शिट्टी त्यांना येते, फोनची बारीक रिंग येत नाही. कॉम्प्रेसरच्या शेडनं तेवढं खाल्लं. कानात घालायचे बोळे तिथं साहेब पाहणीला येणार असला की वाटायचे आणि तो गेला की गोळा करायचे.

म्हणजे मामा ट्रेबल पिळत होता तो हट्टानं नाही. त्याच्या कानाला जिथं बरोबर वाटायचं तिथं आम्हाला सुरी लागत होती.

चाचांना फोन केला. ते ट्रान्सफॉर्मरसह आले आणि मामाला बघून म्हणाले, "तुला कुणासाठी वाजवायचंय ते ठरव आधी. काल तू निडीच्या स्टेशनमास्तरसाठी वाजवलंस."

या वेळी कुणी बांधावर गेलं नाही. मामी खाली चटईवर, मांडवात बसेल तशी. मामा तिच्या डाव्या हाताला. मला तिनं बायका बसतात तेवढ्या अंतरावर पाठ करून बसवलं आणि सांगितलं, मी म्हणेन तो शब्द तू मोठ्यानं परत बोल. दिसायला पोरखेळ. पण पुण्याची पेटी चालू असताना मी निम्मे शब्द चुकले. एका देवाचं नाव मी असं काही उच्चारलं की चाचांना हसू आवरेना. मग जुना डबा लावला. तो घुंइंइं करायला लागला. मामा म्हणाला, भंगार आहे. निघालं असं की ट्रान्सफॉर्मर स्टीलला चिकटून ठेवला होता आणि तारांखालचं चुंबक त्याची घुरघुर पकडत होतं. तो दाराबाहेर नेऊन ठेवल्यावर घर शांत झालं.

मामीनं गायला सुरुवात केली आणि गाता गाता हात लांब करून डब्याचं बटण मागं फिरवलं. आणखी मागं. मामा वाजवतोय, ती फिरवतेय. एका जागी मला शब्द यायला लागले. एकामागून एक, न चुकता, आणि शब्दांच्या खालून स्टील, ओट्यावर पाणी पसरावं तसं, तिचा सूर घसरला की तिच्याबरोबर घसरणारं. मी बोलायचं विसरले. तिनं मागून विचारलं, ऐकू येईना झालं का गो. मी म्हटलं, सगळं येतंय.

मामानं कांडी तारांवरून उचलली. "ह्यो काय आवाज? बोळा घातल्यावानी वाजतंय. माना वळणार हायत का यानं?"

मी तोंड उघडणार होते, मामीनं हातानं गप्प केलं. ती त्याच्याकडे वळली.

"तुमाना येत नाय म्हनून तुमी वाढवता," ती म्हणाली. "रातकिडे गेले नाय. तुमचे कान गेले. मना येतंय सगला. माझ्या कानानं वाजवा."

मामानं त्या बटणाकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून जाईल. बेंजो पार्टीत ज्यानं दुसऱ्या कुणाला बटणाला हात लावू दिला नाही तो माणूस. मग त्यानं विचारलं की कधीपासून म्हाईत हाय तुला. ती म्हणाली, लय दिवस. बोलली का नाय, त्यानं विचारलं. ती म्हणाली, तुमचं काय अडत होतं? आज माझं अडलं.

त्यावर चाचा इतके हसले की मामालाही हसावं लागलं. त्यानं खिशातून चिकटपट्टी काढली आणि बटण मामीनं सोडलं होतं तिथं चिकटवून टाकलं. पुन्हा आपला हात जाऊ नये म्हणून, असं त्यानंच सांगितलं. पुण्याच्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, काल ठेवतो म्हणालात, आता असा काय फरक पडला? मी म्हटलं, गाणारीनं ऐकला. त्याला हे पुरेसं वाटलं नाही. मला वाटलं.

गडबच्या लग्नात सकाळी मेढ रोवायची होती. डीजेची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, पोरं अजून झोपेत. मामानं ट्रान्सफॉर्मर शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर ठेवून लांब वायर आणली. पेडल स्टीलचे पाय लावताना गर्दी जमलीच, कुणी विचारलं ही इस्त्रीची नवी मशीन का. व्हिडिओवाला आला, म्हणाला मावशी दोन मिनिटं. मामीनं मान हलवली आणि सुरू केलं.

दोन मिनिटं झाली. त्यानं कॅमेरा खाली घेतला. मामी थांबली नाही, स्टील थांबलं नाही. मामा तारांकडे बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता, ओठांवरून तिचा सूर कुठं वळणार ते धरत होता. माना वळल्या, हे मी सांगते, पण मशीनकडे नाही. वळल्या आणि तिच्यावर राहिल्या. मागच्या दोघीतिघी शेवटचा शब्द तिच्याबरोबर उचलायला लागल्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते, पण लक्ष सगळं तिच्याकडे होतं, म्हणून ते रेकॉर्डिंग कुणाला दाखवण्यासारखं नाही.

आणि मध्येच नवरीच्या बापाकडची एक म्हातारी उठली.

"गो बाय, थांब जरा. आमची थोरली सासू राह्यली. तिचा नाव घेतला नाय तू."

मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी म्हातारीला खाली बसायला सांगितलं, शॉट खराब होतो म्हणून. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. कितीतरी लग्नांत मामीनं कुणाचंही नाव गाळलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. आज चूक पकडली गेली.

मामी इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मामानं न सांगता तोच सूर लांबवून धरून ठेवला, पायाखालचं पेडल हलकेच सोडलं, आवाज बारीक झाला पण मळला नाही. मामीनं म्हातारीला नाव विचारून घेतलं आणि थोरल्या सासूला बोलावलं. नीट, दोनदा.

जेवणं झाल्यावर मामा स्टीलचे पाय काढत होता. मी पुढच्या पत्रकाचं डोक्यात जुळवत होते, धाटावच्या शिफ्टवाल्यांचे कान तपासा म्हणून. तेव्हा नागोठण्याकडची एक बाई मामीजवळ आली. तिच्या पोराचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. डीजे ठरला होता. धवलारीण ठरायची होती.

मामीनं मामाकडे पाहिलं. तो वाकलेला होता, त्याला काही ऐकू गेलं नसावं.

"येते," मामी म्हणाली. "पन मना माझ्या डाव्या अंगाला जागा लागंल. टेबलायेवढी."